टाकीत सॉफ्टनर ओतलं तर? पेटंट परीक्षकाचा प्रश्न आणि माझं मशीन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका उद्योजक बंधूंचं पत्र छापून आलं होतं, की पेटंटची तपासणी म्हणजे छोट्या माणसाला छळायचा धंदा आहे, साहेब लोक एसीत बसून मशीन न बघताच शेरे मारतात वगैरे. मी पण छोटाच माणूस आहे. इचलकरंजीत वर्कशॉप आहे, चार लेथ, एक शेपर, दोन वेल्डर आणि मी. कापड धुणाऱ्या-रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसवाल्यांना पॅडिंग मँगलचे (कापड बुडवून पिळायचं यंत्र), स्टेंटरचे (कापड ताणून वाळवायचं यंत्र) सुटे पार्ट करून देतो, अधूनमधून एखादी अटॅचमेंट. टॉवेलवर जंतू मारणारं केमिकल फवारायच्या माझ्या यंत्राच्या पेटंटअर्जावर मला पण तपासणीचा रिपोर्ट आला होता, चांगला बारा पानी, वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण आज मागे वळून बघतो तर त्यातला एक शेरा सोडला तर बाकी सगळे बरोबर होते, आणि हे कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितोय.

२०२० मध्ये लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर सगळ्यांनाच अँटीमायक्रोबियल कापडाचं वेड लागलं, आठवत असेल. मास्क, चादरी, शर्टिंग, जो उठेल तो विचारायचा, जंतू मारणारं फिनिश देता का. ते द्यायची नेहमीची पद्धत म्हणजे कापड केमिकलच्या टाकीत बुडवायचं, दोन रबरी रोलमध्ये पिळायचं, स्टेंटरवर वाळवायचं आणि वर थोडी जास्त उष्णता द्यायची म्हणजे केमिकल धाग्याला धरतं. साध्या कापडाला हे ठीक आहे. पण सोलापूरच्या एका टॉवेलवाल्या पाव्हण्यांनी मला सांगितलं की टेरी टॉवेल असा पिळला की लूप झोपतात, सुती टॉवेल स्वतःच्या वजनाच्या सत्तर टक्के पाणी घेऊन बाहेर येतो, ते वाळवायला गॅस जळतो तो वेगळाच, आणि शेवटी टाकीत उरलेलं महागाचं केमिकल गटारात. तर म्हटलं बुडवायचंच कशाला, फवारूया. फवारणी काय मी शोधलेली नाही, जगात पूर्वीपासून चालतेच. पण टॉवेलवर फवारायला गेलं की एक जबरी अडचण येते ती म्हणजे लिंट. टॉवेल चालताना कापसाची इतकी बारीक लव उडते की अर्ध्या तासात नोझल बुजतात, आणि एक नोझल बुजलं की कापडावर सरळ एक कोरडा पट्टा पडत जातो, जो डोळ्यांना दिसत पण नाही, टॉवेल वाळल्यावर तर अजिबातच नाही. गिऱ्हाईक ९९.९ टक्के जंतू मरतात असं लिहिलेला टॉवेल घेऊन जातो आणि त्याच्या मधोमध चार बोटं रुंदीची कोरी पट्टी.

मी काय केलं, तर नोझल चालू मशीनवरच एकेक करून उलट्या हवेने साफ होतील अशी सोय केली, आणि ज्याची साफसफाई चालू आहे त्याच्या शेजारची दोन तेवढ्यापुरती जास्त उघडतील असे व्हॉल्व्ह एकमेकांना जोडले. म्हणजे तीन नंबर बंद तर दोन आणि चार त्याची जागा भरून काढणार. एवढंच. पण हे एवढं जमवायला आठ महिने गेले.

फेब्रुवारी २०२१ ला सोलापूरला ट्रायल घेतली, झकास झाली, आणि माझ्या पुतण्याने त्याच संध्याकाळी तिचा साडेचार मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबला टाकला, वर गाणं पण लावलं. मी पण खुशीत तो वीस-पंचवीस गिऱ्हाइकांना पाठवला. अर्ज केला ऑगस्टमध्ये. आता तुमच्या लक्षात आलंच असेल. रिपोर्टात ‘आधीपासून लोकांना माहीत असलेलं’ या सदराखाली पहिलाच पुरावा काय, तर आमचाच व्हिडिओ, लिंक आणि तारखेसकट. आमचा पेटंटचे अर्ज लिहून देणारा एजंट म्हणाला कायद्यात एक पळवाट आहे, तुमच्या परवानगीशिवाय कुणी छापलं असेल तर ते धरत नाहीत, पुतण्याने न विचारता टाकला असं लिहून देऊ का. म्हटलं घरात भांडणं लावता का राव, आणि मीच तर लोकांना पाठवलाय तो. खोटं कुठवर रेटणार?

इथे एक गोष्ट आमच्या भागातल्या एकालाही माहीत नाही असं मला दिसलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या कायद्यात ट्रायल चालते. मशीनच अशी असेल की लोकांसमोर चालवून बघितल्याशिवाय भागत नाही, तर अर्जाच्या आधी वर्षभरात घेतलेली रास्त ट्रायल तुमच्या विरोधात जात नाही. प्रदर्शनात मांडलं तर तेही चालतं, पण केंद्र सरकारने गॅझेटमध्ये नाव घातलेलं प्रदर्शन पाहिजे, आणि बारा महिन्यांच्या आत अर्ज पाहिजे. आपण मांडव घालून जी प्रदर्शनं भरवतो ती यात बसतात असं धरून चालू नका. आणि व्हिडिओ तर कशातच बसत नाही. अमेरिकेत स्वतःच उघड केलं तर वर्षभराची सवलत मिळते, आपल्याकडे तशी सरसकट सवलत नाही. त्यामुळे ‘मशीन न बघता शेरे मारतात’ या म्हणण्यावर मला हसू आलं, माझ्या साहेबांनी तर गाण्यासकट बघितली होती.

आता सॉफ्टनरची गोष्ट. हिअरिंग व्हिडिओ कॉलवर झाली, आमच्या एजंटने अर्जात पहिलाच क्लेम, म्हणजे पेटंट नेमकं कशावर मागतोय ती मागणी, असा लिहिला होता की हे अँटीमायक्रोबियल कापड बनवण्याचं यंत्र आहे, आणि पुढे फवारणी, सेन्सर, हवा असं सगळं. समोरच्या कंट्रोलर साहेबांनी, म्हणजे पेटंट ऑफिसात निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, अगदी शांतपणे विचारलं, याच टाकीत सॉफ्टनर, म्हणजे कापड मऊ करायचं केमिकल, ओतलं तर यंत्र चालेल का? मी म्हटलं चालेल. रंग? पातळ असेल तर चालेल. नुसतं पाणी? आता पाणी तर चालणारच. मग ते म्हणाले, म्हणजे अँटीमायक्रोबियल हा शब्द तुमच्या यंत्राचा कुठला भाग आहे, बोट ठेवून दाखवा. संपादक साहेब, मी वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलीत, असा पेच मला कुठल्या गिऱ्हाइकाने कधी टाकला नाही. दाखवणार काय? जंतू मारतं ते केमिकल, ते केमिकल कंपनीचं, माझं यंत्र फक्त ते सारखं पसरतं. यंत्राचं पेटंट मागायचं तर यंत्र काय आहे ते सांगावं लागतं, टाकीत काय भरणार ते नाही. जुनं यंत्र नव्या कामाला लावलं एवढ्यावर तर आपला कायदा पेटंट देतच नाही, कलम ३(ड) मध्ये तसं सरळ लिहिलंय. तेच ३(ड) जे औषधांच्या केसमुळे, २०१३ च्या नोव्हार्टिसच्या निकालामुळे पेपरात गाजलं, पण त्यात पदार्थांच्या बरोबरीने यंत्राचा पण उल्लेख आहे हे मला त्या दिवशी कळलं. शब्द काढून टाकला. व्हिजिटिंग कार्डावर अजून आहे.

ज्या शेऱ्याबद्दल माझं भांडण होतं तो ३(फ) चा. त्यात म्हटलंय की आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या जुन्याच वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या तर तो शोध नाही. रिपोर्टात लिहिलं होतं फवारणी जुनी, ओलाव्याचा सेन्सर जुना, उलट्या हवेने सफाई एका जुन्या परदेशी पेटंटात आहे, तुम्ही फक्त एकत्र बांधलंत. मी चिडून म्हणालो साहेब, स्वतंत्र कुठे, तीन नंबर बंद झाल्यावर दोन आणि चार उघडतात ना! ते म्हणाले, बरोबर आहे, पण हे तुमच्या क्लेममध्ये कुठे लिहिलंय? शोधलं. नव्हतं. ड्रॉइंगमध्ये होतं, वर्णनात एका ओळीत होतं, क्लेममध्ये नाही. आठ महिन्यांची खरी मेहनत जिथे होती तेच आम्ही मागायला विसरलो, आणि जे जगाला माहीत आहे ते ऐटीत पहिल्या नंबरावर मागितलं. वर्णनात होतं म्हणून वाचलो, कारण अर्जात नसलेली नवी गोष्ट नंतर घुसडता येत नाही, पण आहे त्यातून मागणी आवळता येते. आणि योगायोग म्हणजे पुतण्याने व्हिडिओ समोरच्या बाजूने काढला होता, व्हॉल्व्हची जोडणी मागच्या बाजूला होती, ती त्यात दिसतच नव्हती. तेवढ्या भागावर पेटंट मिळालं. १५ मार्च २०२३ ते १४ मार्च २०२४ या वर्षात देशात एक लाखाच्या वर पेटंटं दिली गेली म्हणून तुमच्याकडे बातमी आली होती, त्या लाखात ते एक, मागितलं त्याच्या पाव.

पाव मिळालं याचं वाईट वाटतं का, वाटतं. पण १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल एजंटने मला समजावून सांगितला, मिर्झापूरच्या भांडीवाल्यांचा. पितळी भांडी लेथवर घासताना घट्ट धरून ठेवायचं साधन, त्याचं १९५१ चं पेटंट. कोर्टाने ते रद्द केलं, म्हणाले की ही नुसती वर्कशॉपमधली सुधारणा आहे, कुशल कारागिराला सुचलीच असती. हे ऐकून आम्हा वर्कशॉपवाल्यांना राग येतो, आपण आयुष्यभर तेच तर करतो. पण उलटं करून बघा, माझ्या शेजारच्या गल्लीतल्या माणसाने नुसतं स्प्रेचं पेटंट मिळवलं असतं तर मला माझ्याच गावात फवारणी करायला त्याला पैसे द्यावे लागले असते.

रिपोर्टात अजून एक साधा प्रश्न होता आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. तुम्ही फिनिश ‘एकसमान’ बसतं म्हणता, एकसमान म्हणजे किती? मी तोपर्यंत हाताने चाचपून सांगायचो एकसमान. मग मेव्हण्याच्या सराफी दुकानातून सोनं तोलायचा काटा आणला, टॉवेलच्या डाव्या काठाचा, मधला आणि उजव्या काठाचा दहा सेंटीमीटरचा चौकोन कापला, फवारायच्या आधी आणि नंतर वजन केलं. डावीकडे ३१ टक्के ओल, मध्ये ३०, उजवीकडे २४. तोंडात मारल्यासारखं झालं. पंपाची लाइन डावीकडून येत होती, उजवीकडे पोचेपर्यंत प्रेशर पडायचं. लाइन मधून दिली, फरक गेला. ही सुधारणा मूळ अर्जात घालता आली नाही, त्यासाठी पेटंट ऑफ ॲडिशन, म्हणजे मूळ पेटंटला जोडलेलं सुधारणेचं पेटंट, म्हणून वेगळा अर्ज केलाय, त्याला दरवर्षीची फी वेगळी भरावी लागत नाही हे एक बरं.

आता माझी तक्रार. बारा पानं प्रश्न विचारले, पण कापडाचा तुकडा कुणी मागितला नाही. कायद्यात कलम १०(३) आहे, कंट्रोलरला गरज वाटली तर तो मॉडेल किंवा नमुना मागवू शकतो. असल्या यंत्रांच्या बाबतीत तो मागवावा, आणि एक नव्हे दोन, एक कोरा आणि एक वीस वेळा धुतलेला. कारण या धंद्यात खरं-खोटं धुतल्यावर कळतं. २००८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनाच्या संशोधकांनी जंतू मारायला चांदीचे कण लावलेले बाजारातले मोजे पाण्यात खळबळवून बघितले तर काहींची जवळपास सगळी चांदी चार धुण्यांतच निघून गेली होती. अर्जांमध्ये मात्र न धुतलेल्या कापडाचेच आकडे मिरवतात, माझ्या पण तसेच होते. मोजायच्या पद्धती ठरलेल्या आहेत, आयएसओ २०७४३ आहे, एएटीसीसी १०० आहे, लॅबला तुकडा दिला की रिपोर्ट येतो.

दुसरी तक्रार भाषेची. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच चालतो. माझं मशीन मी मराठीत विचार करून बनवलं, एजंटला मराठीत सांगितलं, त्याने इंग्रजीत लिहिताना व्हॉल्व्हची जोडणी वर्णनाच्या एका ओळीत ढकलली, आणि मला वाचून कळायला पाहिजे होतं ते कळलं नाही. क्लेमचा मराठी तर्जुमा सहीच्या आधी अर्जदाराला वाचून दाखवायची सक्ती एजंटवर करा, एवढं केलं तरी माझ्यासारख्याचे दोन महिने वाचतील. फीचं रडगाणं मी गाणार नाही, एकट्या माणसाला अर्जाची फी १६०० आणि तपासणीची ४०००, त्यापेक्षा जास्त पैसे माझे नोझलवर गेलेत.

पत्र लिहिणाऱ्या बंधूंना सांगतो, तुमचा रिपोर्ट घेऊन एकदा वर्कशॉपवर या, सोबत क्लेमचं पान पण आणा, दोन्ही शेजारी ठेवून बघू. पत्ता पेपरच्या ऑफिसात दिलाय. येताना मशीनचा फोटो वगैरे काही स्टेटसला ठेवू नका.

आपला,
एक फॅब्रिकेटर, इचलकरंजी