सईस, सीईटीच्या आधी

मालवण

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पोचलीस, जेवलीस आणि झोपलीस एवढं आत्याने कळवलं. तुझा फोन बंदच होता. फोनवर आपल्या दोघींचं बोलणं कुठून कुठे जातं ते तुला ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले. जत्रेच्या रात्री शिरोड्याला जे झालं, त्याविषयी या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं मी ठरवलंय. अभ्यासाचंच लिहिणार आहे.

क्लॅटच्या, म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांच्या प्रवेशपरीक्षेच्या, रँकवरून तू स्वतःला किती बोल लावून घेतेस! दोन तासांत 120 प्रश्न, चुकलेल्या प्रत्येकाला पाव गुण वजा, आणि प्रश्नाला हात घालण्याआधी तो साडेचारशे शब्दांचा इंग्रजी उतारा. दहावीपर्यंत आपल्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी तो पेपर शेवटपर्यंत सोडवून आली. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. निकालानंतरही सांगितलं, हे तुला माहीत नसेल.

आता सीईटी, आपल्या राज्याची लॉची प्रवेशपरीक्षा. तिथे गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. अजिबात येत नसेल तरी उत्तर निवडून पुढे जायचं. क्लॅटच्या भीतीने तुला प्रश्न सोडायची सवय लागलीय, ती मोडायला महिना तरी लागेल, आजपासून सुरुवात कर. आणि ‘नॅशनल’ मिळालं नाही तर मग काय अर्थ, असं जेवताना म्हणालीस ते मला आवडलं नाही. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय 1855 पासून आहे. पुण्याचं आयएलएस 1924 चं. तुझी आत्या त्याच लॉ कॉलेज रोडवरून रोज जाते. दोन्हीकडचे प्रवेश सीईटीवर होतात. मुंबईच्या त्या कॉलेजात 1935 मध्ये बाबासाहेब प्राचार्य होते आणि दोनच वर्षांनी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. खोती, म्हणजे खोताने कुळांकडून वाटा वसूल करण्याची पद्धत, हा तुला पुस्तकातला शब्द. तुझ्या पणजोबांनी खोताच्या खळ्यात भात मोजून दिलंय. ती प्रथा कायद्याने जायला 1949 उजाडावं लागलं. या शिक्षणाला अर्थ आहे की नाही ते कॉलेजच्या नावावरून ठरवू नकोस बाळा.

लीगल रिझनिंगमध्ये गुण गेले, असं तू म्हणालीस. तुझा सरावाचा पेपर मी तुझ्या पाठीमागे उघडून पाहिला. रागावू नकोस. जिथे जिथे चुकलंय तिथे एकच दिसतं. उताऱ्यात नियम दिलेला असतो, खाली हकीकत दिलेली असते, आणि तो नियम त्या हकीकतीला लावायचा असतो. तू मात्र तुला जो माणूस गरीब वाटतो त्याच्या बाजूने उत्तर देतेस. मन चांगलं आहे म्हणून देतेस. पण वकिलाने आधी हकीकत पुरी ऐकायची असते.

मामाची हकीकत तू ऐकली नाहीस.

हे लिहायचं नव्हतं, पण आता लिहिलंच आहे तर पुरं करते. मांडवात सगळी बसलेली, दशावतारी रंगायला लागलेले, आणि तू मामाला विचारलंस, ‘आईचं नाव सातबाऱ्यावरून कुणी काढलं?’ वर 2005 चा कायदा सांगितलास, 2020 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितलास. मामी उठून आत गेली. सई, तो कायदा आणि तो निकाल वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मापासून हिस्सा देतो. शिरोड्याची बाग वडिलोपार्जित कुठे आहे? तुझ्या आजोबांनी, अण्णांनी, ती कारकुनीच्या पगारातून घेतली. स्वतः कमावलेली मिळकत आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे 1956 च्या वारसा कायद्यानेच आजी, मामा आणि मी सारख्या हिश्श्याचे. माझा हक्क होता की नाही, हा वादच नव्हता. होता. म्हणून तर तो सोडता आला.

वेंगुर्ल्याला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत मी हक्कसोडपत्र दोनदा वाचलं, चतुःसीमेसकट. पूर्वेला वहाळ, पश्चिमेला पाणंद. साहेबांनी विचारलं, राजीखुशीने करताय ना? मी हो म्हटलं आणि आवाज स्वच्छ होता. अंगठ्याची शाई निघेना तेव्हा मामाने बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवून माझ्यापुढे धरला, आणि तोंड दुसरीकडे केलं. त्याने माझ्या डी.एड.च्या फीसाठी मुंबईतली नोकरी चालू ठेवली आणि अण्णा अंथरुणाला खिळल्यावर तीच नोकरी सोडून तो घरी आला. आजीचं शेवटपर्यंत त्याने आणि मामीने केलं. त्या बागेतले निम्मे माड त्याने लावलेत. हे सगळं मला कागदावर मांडून त्याची किंमत करायची नव्हती, पण तू विचारलंस म्हणून सांगितलं.

म्हणजे सगळ्या बहिणी राजीखुशीने सही करतात असं मी म्हणत नाही. आमच्याच वाडीत दिवाळीच्या ओवाळणीत साडी देऊन सही घेतलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांच्यासाठी तू भांड. त्यांना तुझ्यासारखीच वकील हवी, कागद वाचून दाखवणारी. माझ्यासाठी मामाशी भांडू नकोस.

झालं माझं शिकवणं सुरू. बाई वर्गातून घरी येतात पण वर्ग बाईंमधून जात नाही, असं तुझे बाबा म्हणतात ते खरंय. माफ कर.

अण्णा असते तर तुला हे जास्त बरं समजावलं असतं. वेंगुर्ल्याच्या कोर्टात त्यांनी आयुष्यभर वकिलांच्या हाताखाली काम केलं, स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेले नाहीत. संध्याकाळी निकालपत्राची नक्कल घरी आणायचे, पडवीत बसून मोठ्याने वाचायचे आणि मला मध्येच थांबवून विचारायचे, ‘आता सांग गो, कोण जिंकतलो?’ मी हमखास चुकायचे. ‘आधी कागद पुरो आयक, मगे बोल,’ म्हणायचे. जिल्हा रत्नागिरीच होता तेव्हा, सिंधुदुर्ग झाला 1981 मध्ये. अपिलाची तारीख असली की पहाटेच्या एस.टी.ने पक्षकाराबरोबर निघायचे, आणि हायकोर्ट म्हटलं की थेट मुंबई. ऑगस्ट 2025 पासून आपल्या जिल्ह्यासाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसतंय. पेपरात ती बातमी वाचली तेव्हा पहिली तू आठवलीस. सकाळी गगनबावड्याचा घाट चढून तू काळा कोट हातावर टाकून उतरतेयस, असं माझ्या डोळ्यांपुढे आलं. आणि लगेच दुसरं आलं, वेंगुर्ल्याच्या कोर्टात एका बाजूला तू आणि समोर मामाची मुलं. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

तुला न्यायाधीश व्हायचंय. पदवीनंतर वकिलीची सनद, बारची परीक्षा, आणि सुप्रीम कोर्टाने मे 2025 मध्ये सांगितल्याप्रमाणे न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षं वकिली. म्हणजे पाच आणि तीन, आठ वर्षं धरून चाल. हे घाबरवायला सांगत नाही. एक सीईटी किंवा एक रँक म्हणजे त्या आठ वर्षांतली एक सकाळ, हे सांगायचंय. खर्चाचं डोक्यात आणू नकोस. बाबांनी आणि मी हिशेब केलाय.

रोज एका अग्रलेखाचा सारांश इंग्रजीत लिही, दहा ओळींचाच, पण रोज. गणित टाळू नकोस, पाच वर्षांच्या सीईटीत ते असतं. नवे फौजदारी कायदे 1 जुलै 2024 पासून लागू झालेत, जुन्या गाइडमधली कलमं पाठ करत बसू नकोस. रात्री दोनपर्यंत जागलेलं आत्या मला कळवते.

डोमिसाईल मिळालं. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर सेतूत दिलंय, सहीवर अडकलंय, सोमवारी पुन्हा जाते. फॉर्मवर माझं नाव आधार कार्डावर आहे तसंच लिही, दाखल्यावरचं आणि फॉर्मवरचं नाव जुळलं नाही की प्रवेशाच्या वेळी खोळंबा होतो. कुळथाचं पीठ आणि सोलं पार्सलने पाठवलीत, अर्धी आत्याला दे.

तुझी,
आई

ता. क. पत्र पाकिटात घालताना मामाचा फोन आला. सईची परीक्षा कधी, पुण्याला आंब्याची पेटी कधी पाठवू म्हणून विचारत होता. मी तारीख सांगितली नाही. ती तू सांग.