सॅन होजेचे केंद्र आणि त्याच्या बारा नकला

मा. संपादक,
स.न.

कौशल्य प्रशिक्षणाचा विषय निघाला की अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर एम्प्लॉयमेंट ट्रेनिंग’चा (सीईटी) दाखला दिला जातो. पण गोष्ट अर्धीच सांगितली जाते.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या मेक्सिकन वस्तीत 1967 साली फादर अँथनी सोटो आणि रसेल टेर्शी यांनी हे केंद्र काढले. वस्तीचे टोपणनावच ‘साल सी पुएदेस’, म्हणजे ‘जमलं तर नीघ इथून’! येणारे बहुतेक शेतमजूर नाहीतर शाळा सुटलेले. प्रवेश परीक्षा नाही, ‘आधी इंग्रजी शिकून ये’ नाही, नव्या बॅचची वाट पाहणे नाही. हजेरी कारखान्यासारखी, शिकवणारे त्याच धंद्यात मुरलेले. गणिताचा तास वेगळा नसे. ड्रॉइंगवर 1/8 इंचात 3/16 मिळवायची वेळ आली की अपूर्णांक तिथेच, मशीनपाशी. मुदतही ठरलेली नाही. हात बसला, नोकरी लागली की शिक्षण संपले. स्थानिक उद्योजक सल्लागार असल्याने कुठल्या कामाला माणसे लागतात हे आधीच कळे. माझ्या मते खरी ताकद इथे होती.

1985 पासून ‘जॉबस्टार्ट’ प्रयोगात शाळा सोडलेल्या 17 ते 21 वयाच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले: एकाला प्रशिक्षण, दुसऱ्याला नाही. तेरा ठिकाणांपैकी एकट्या सॅन होजेच्या या केंद्रात मोठा फरक दिसला. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात मिळून माणशी सरासरी 6,000 डॉलरहून जास्त ज्यादा कमाई.

मग केंद्रीय श्रम खात्याने 1990 च्या दशकात त्याच्या नकला काढल्या. त्यांतल्या बारा केंद्रांची तशीच दोन गट करून पाहणी झाली. 2005 च्या अहवालानुसार पद्धत नीट उतरली ती फक्त चार ठिकाणी, तीही पश्चिमेकडच्या. गंमत म्हणजे तिथेही प्रमाणपत्रे वाढली, पण कमाईतला फायदा टिकला नाही. एक कारण साधे आहे: ज्यांना प्रवेश मिळाला नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांनी दुसरीकडे प्रशिक्षण घेतले. शिवाय मूळ केंद्राची उद्योजकांशी ओळख वर्षानुवर्षांची, आणि आजूबाजूला इलेक्ट्रॉनिक्सची भरभराट. या दोन्ही गोष्टी अभ्यासक्रमाच्या फायलीतून पाठवता येत नाहीत.

आपल्याकडे केंद्राचे यश मोजताना दिलेली प्रमाणपत्रे आणि पहिली नेमणूक एवढेच पाहिले जाते. निदान चौथ्या वर्षीचा पगार तरी विचारावा, आणि प्रवेश न मिळालेल्यांचाही.

— एक वाचक, नाशिक