पेज चालवायला देऊ नको

सांगली

प्रिय गड्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. दर महिन्याला पैसे घेऊन 'तुमच्या कऱ्हाडच्या गुऱ्हाळाचं इन्स्टाग्राम पेज चालवून देतो' म्हणणाऱ्या त्या पोराला अजून होकार दिला नसशील, तर देऊ नको. पोरगं वाईट नसेल, पण त्याला गुळातलं काय कळतं? तो सणावाराचे बॅनर टाकणार आणि कोपऱ्यात तुझं नाव चिकटवणार. असले बॅनर आपण तरी कधी थांबून बघतो का?

गिऱ्हाइकाच्या मनात शंका असते, आणि ती रास्त असते. खाण्याच्या मालात भेसळ किती चालते हे तुला-मला सांगायला नको. फुकटात वाढायचं तर त्या शंकेला उत्तर देत राहायचं, माझा हळदीचा धंदा तर एवढ्यावरच चाललाय. हळद पॉलिशच्या ड्रममधून बाहेर पडताना मी एक व्हिडिओ टाकला होता. खाली एका बाईंनी विचारलं, "रंग असा मातकट का? चांगली आहे ना?" पहिल्यांदा डोकं फिरलं. मग मोबाइल पोत्याला टेकवून ठेवला, एक हळकुंड घेतलं आणि अडकित्त्यात धरून कट्‌कन फोडलं. आत केशरी गाभा. बोलायची गरजच पडली नाही.

त्याच्या मागोमाग दुसरा केला. काचेच्या ग्लासात पाणी आणि वर चमचाभर पूड, न ढवळता. चांगली हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद होतं. ही घरगुती परीक्षा एफएसएसएआयनंच, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनंच, सांगितलेली आहे. हा व्हिडिओ बायकांनी आपापल्या घरच्या ग्रुपवर टाकला, आणि खरी गंमत तिथंच आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीसुद्धा सांगितलंय की आपल्याला न ओळखणाऱ्या लोकांपर्यंत रील पोचायला, ती किती जणांनी दुसऱ्याला पाठवली याला फार वजन असतं.

आता तुझ्याकडे बघ. तुझा गूळ काळपट, आणि लोकांना बाजारातला पिवळाधमक गूळ बघायची सवय. म्हणजे प्रश्न आयताच तयार आहे. तो पिवळेपणा कशानं येतो, तू रसात काय घालत नाहीस, आणि मळी काढायला भेंडीचं पाणी कसं घालतोस, ते दाखव. चुलवाणात उसाचं चिपाड सारणारा माणूस दाखव. गूळ शिजवणारा गुळव्या उकळत्या काहिलीतला थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो ना, त्यावर कॅमेरा धर. हे तुझ्यासारख्याला रोजचं वाटतं, पण पुण्यातल्या फ्लॅटमधल्या माणसानं जन्मात बघितलेलं नसतं. गाणं लावू नको. बिझनेस खात्याला गाजलेली गाणी बहुतेक मिळत नाहीत, आणि काहिलीचा बुडबुड आवाज काय वाईट आहे? मराठीतच बोल, कऱ्हाडी बोल. पहिल्या दोन-तीन सेकंदांत 'नमस्कार मंडळी' नको, सरळ काहिलीत घाल.

व्ह्यूजच्या मागे मात्र लागू नको. लाखभर लोकांनी बघून पाचांनी घेण्यापेक्षा हजारांनी बघून पन्नासांनी घेतलेलं बरं. इन्स्टाग्रामवर ओळख होते, ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते. बिझनेस ॲपमध्ये कॅटलॉग करून ठेव, वजन आणि भाव स्पष्ट लिही. 'किंमत इनबॉक्समध्ये' असं लिहिणाऱ्यांचा मला फार राग आहे; माणूस विचारायला लाजतो आणि निघून जातो. एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जणच बसतात, आणि तुझा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. म्हणून पहिल्या पार्सलात चिठ्ठी घाल: 'नंबर सेव्ह करा, पुढच्या गुळाची खबर देतो.' रोज काही पाठवत बसू नको, लोक ब्लॉक करतात. नवीन गूळ निघाला की पाठव, बास. संक्रांतीचं मात्र डिसेंबरातच चालू कर. कुरिअर भोगीच्या दिवशी पोचून काय उपयोग?

दोन गोष्टी सांभाळ. 'डायबेटिसवाल्यांना चालतो' असलं काही लिहू नको. गूळ म्हणजे साखरच, आणि रोग बरा होण्याचे दावे करायला कायद्यानं बंदी आहे. पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर छाप, लोक बघतात. दुसरं, चांगलं खपतं म्हणून 'कोल्हापुरी गूळ' लिहायचा मोह होईल. त्या नावाला जीआय आहे, म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव लावायचं सरकारी मानांकन. आमच्या सांगलीच्या हळदीला 2018 साली मिळालं, तेव्हापासून कुठल्याही हळदीवर 'सांगली' छापणाऱ्यांकडे मी जरा तिरकाच बघतो. कऱ्हाडचं नाव काय कमी आहे? गावाचं नाव प्रत्येक व्हिडिओत घे आणि गुगल मॅपवर गुऱ्हाळाची जागा टाक. पुणे-बंगळूर हायवेवरून जाणारा माणूस वाट वाकडी करून येतो, तो तर कुरिअरविना गिऱ्हाईक.

उत्तरं मात्र स्वतः दे. रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास बस, कुणी खवचट लिहिलं तरी नीट सांग. त्या पोराला पैसे देऊन हेच काम विकत मिळत नाही.

गुळव्याला आधी विचार, चेहरा दाखवलेला चालेल का. नको म्हणाला तर नुसते हात घे. पहिला व्हिडिओ टाकायच्या आधी मला पाठव, मी शिव्या घालून परत पाठवतो. आणि काकवी पाठवशील तेव्हा काचेच्या बाटलीतून पाठवू नको. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
हळदवाला