पट्टीतली वाढती हमाली

महोदय,

बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रात पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या क्लासच्या जाहिराती सुरू होतात. पोरं शिकतायत हे चांगलंच, पण शिकवतात काय यावर थोडं लिहायचं आहे. मी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांना हिशेबाचं सॉफ्टवेअर करून देते आणि असे क्लास केलेली मुलं माझ्याकडे कामाला येतात.

गेल्या हळद हंगामाआधी असाच एक मुलगा आला. हुशार होता. त्यानं शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, काढायचं फंक्शन (प्रोग्रामचा पुन्हा पुन्हा वापरता येणारा तुकडा) लिहिलं. नाव, वजन, दर आणि शेवटी 'कपात'. कपात दिली नाही तर रिकामी यादी धरायची, तीत हमाली, तोलाई घालायची आणि बेरीज रकमेतून वजा करायची. एका शेतकऱ्याची पट्टी काढून बघितली, पैशापैशाला बरोबर. मग आम्ही मागच्या वर्षीच्या पट्ट्या घालून पाहिल्या. दुसऱ्या शेतकऱ्याला पहिल्याचीही हमाली-तोलाई लागली, तिसऱ्याला आधीच्या दोघांची. पुढं पुढं तर पट्टी हातभर लांब! प्रोग्राम बंद करून चालू केला की पहिली पट्टी पुन्हा बरोबर यायची, त्यामुळं दुकानातल्या मुनीमजींचा सगळा संशय प्रिंटरवर.

प्रिंटर बिचारा निर्दोष होता. पायथनमध्ये ती रिकामी यादी प्रत्येक पट्टीला नवी होत नाही. फंक्शनची सुरुवात करणारी 'डेफ'ची ओळ चालते तेव्हा ती एकदाच तयार होते आणि पुढं दर वेळी तीच वापरली जाते. पायथनच्या अधिकृत ट्युटोरियलमध्ये याचा स्पष्ट इशारा दिलेला आहे. तिथं यादीऐवजी 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') लिहायचं आणि नवी यादी फंक्शनच्या आत करायची, एवढाच उपाय.

मुलाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, व्हेरिएबल म्हणजे डबा, असं क्लासमध्ये सांगितलंय." हे मी येणाऱ्या प्रत्येकाकडून ऐकते. डबा म्हटल्यावर 'ब = अ' लिहिलं की दुसऱ्या डब्यात वेगळा माल आला असंच पोरांना वाटणार. पायथनमध्ये व्हेरिएबल हे नुसतं नाव असतं. घरी बाळू, हजेरीपटावर बाळासाहेब. घरी बाळूचं टक्कल केलं तर वर्गात बाळासाहेबही टकलाच येणार. आकडे आणि मजकूर जागच्या जागी बदलता येत नाहीत म्हणून तिथं डब्याची गोष्ट खपून जाते. यादी किंवा डिक्शनरी (नावापुढं त्याची नोंद अशा जोड्यांचा साठा) आली की गोंधळ. चार शून्यांच्या यादीची ओळ तीननं गुणून तक्ता केला तर ओळी तीन दिसतात, असते एकच. एकीत ५ लिहा, तिन्हींत उमटतो. 'कॉपी' केली तरी ती वरवरची, आतल्या याद्या सामाईकच राहतात. त्यासाठी 'डीपकॉपी' आहे, पण ती किती क्लासमध्ये शिकवतात कुणास ठाऊक.

क्लासवाले म्हणतात, हे अवघड आहे, पुढच्या कोर्सला घेऊ. मला पटत नाही. पट्टी चुकली तर शेतकरी पुढच्या कोर्सपर्यंत थांबत नाही. परीक्षेत व्हेरिएबलची व्याख्या विचारण्यापेक्षा चार ओळींचा प्रोग्राम द्यावा आणि काय छापून येईल ते विचारावं. आपल्या शिक्षण पुरवणीत शब्दकोड्याशेजारी अशी चार ओळींची कोडी छापलीत तर पहिली काही मी पाठवून देईन.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली