साखळी आधी तपास

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू लिहिलेली तीन प्रकरणं परवा रात्री एका बैठकीत वाचली, काल पुन्हा वाचली. धरणाखाली गेलेलं गाव उन्हाळ्यात उघडं पडतं आणि दर वर्षी त्यात एक घर जास्त निघतं, ही कल्पना माझ्या डोक्यातून जात नाही. म्हातारी काठावर बसून घरं मोजते आणि तिचं बोट हवेतच थांबतं, तिथे मीही थांबलो. पण तिसऱ्या प्रकरणात तो प्राध्यापक येतो, दीड पानात सगळं उलगडून सांगतो, आणि माझी भीती तिथेच संपली. फोनवर तू विचारलंस, "मग काहीच सांगायचं नाही का, बाबा?" तेव्हा नीट उत्तर सुचलं नाही. म्हणून लिहायला बसलोय.

आमच्या पिढीला विज्ञानकथेची गोडी नारळीकरांनी लावली. तिथलं कोडं शेवटी सुटतं आणि सुटण्याचाच आनंद असतो. दिवाळीत तू ठेवून गेलेली तीन पुस्तकं वेगळ्या वाटेची आहेत. त्यांतलं कोडं सुटत नाही, तरी वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटत नाही. हे कसं जमलं असेल, याचा मी महिनाभर विचार केला.

स्तानिस्लाव लेम यांचं 'सोलारिस' घे. 1961 सालचं पुस्तक. एका ग्रहावर समुद्र आहे, तो बहुधा जिवंत आहे, आणि तिथल्या अवकाशस्थानकात माणसांकडे त्यांच्याच मनातली माणसं चालत येतात. केल्विन नावाच्या शास्त्रज्ञाकडे त्याची हॅरी येते, दहा वर्षांपूर्वी वारलेली. आता लेम काय दाखवतात बघ. तिच्या झग्याला उघडायला जागाच नाही. बटणं दिसतात, पण ती नुसती शोभेची. झगा कात्रीने कापावा लागतो. तिच्या तळपायांची कातडी तान्ह्या बाळासारखी मऊ आहे, जणू हे पाय कधी जमिनीवर पडलेच नाहीत. पुढे केल्विन तिला यानात घालून दूर पाठवतो, ती पुन्हा येते, आणि खोलीत एकसारखे दोन कापलेले झगे दिसतात. मुक्ता, मी ते पान मिटून अंगणात जाऊन आलो. कुठे किंचाळी नाही, काळोख नाही. फक्त दोन झगे.

तुझ्या लिखाणात 'अवर्णनीय' हा शब्द पाच वेळा आलाय. पाचही ठिकाणी तो खोड आणि त्या जागी एकेक असा झगा ठेव.

त्याच पुस्तकातली आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटली. आपल्याला वेड लागलंय का, हे केल्विनला कळायला हवं असतं. तो ग्रहाभोवती फिरणाऱ्या उपग्रहाकडून त्याच्या कक्षेचे आकडे मागवतो, ते न बघता बाजूला ठेवतो, मग तेच गणित स्वतः करतो आणि शेवटी दोन्ही ताडून पाहतो. भास असता तर त्याच्या मेंदूला इतकं किचकट गणित आधीच करून ठेवणं शक्य नव्हतं. आकडे दशांशापर्यंत जुळतात. म्हणजे वेड लागलेलं नाही, आणि खरी भीती इथून सुरू होते.

मी छत्तीस वर्षं जमिनीची मोजणी केली. नोकरीच्या सुरुवातीला एका बांधावर सकाळपासून तीनदा मोजून तीन आकडे आले. दोन्हीकडचे भाऊ माझ्याकडे बघत उभे होते, आणि मी 'जुना नकाशाच चुकलाय' म्हणायला तोंड उघडलं होतं. बरोबरच्या वयस्क मोजणीदाराने हात धरला. म्हणाले, साखळी आधी तपास. 33 फुटांची साखळी वापरून वापरून ताणली गेली होती, एक कडी उघडली होती. त्या दिवसापासून मी जमिनीवर संशय घेण्याआधी साखळीवर घेतला. केल्विन तेच करतो. वाचकाला जे मान्य करायला लावायचंय, त्यावर तुझ्या पात्राने आधी वाचकापेक्षा जास्त शंका घ्यायला हवी. तुझ्या गावात अजून कोणी नीट शंकाच घेतलेली नाही. म्हातारीचा मुलगा पहिल्याच वर्षी 'हे अमानवी आहे' म्हणतो. त्याआधी तो ग्रामपंचायतीत जाऊन घरपट्टीची जुनी वही काढून बघेल ना?

दुसरं पुस्तक स्त्रुगात्स्की बंधूंचं, 1972 चं, 'रोडसाइड पिकनिक'. परग्रहावरचं कोणीतरी येऊन गेलंय आणि मागे एक बाधित प्रदेश उरलाय. रेड नावाचा माणूस त्यात चोरून शिरतो, वस्तू आणून विकतो. पुढे पाऊल टाकण्याआधी तो एक लोखंडी नट, बोल्टवर बसवतात तो, फेकतो. नट हवेत सरळ गेला तर वाट मोकळी. मध्येच खाली ओढला गेला तर तिथे गुरुत्वाकर्षणाचा सापळा. खिशातले चार नट आणि डोळे, एवढ्यावर अख्खा प्रदेश आपल्यापुढे उभा राहतो.

आणि तिथली नावं! त्या सापळ्याला शास्त्रज्ञांनी भारदस्त नाव दिलंय, रेडसारखे लोक म्हणतात 'डासांचं टक्कल'. हाडं विरघळवणाऱ्या पदार्थाला 'चेटकिणीची जेली'. ज्यांना रोज मरणाशेजारून जायचं असतं ते घरगुती नावं ठेवतात. हे मी पाहिलंय. आमच्या कागदावर गट नंबर असायचा, आणि गावात त्याच तुकड्याला भुताचा माळ, रडकी पट्टी, सवतीचं वावर. कागद कशाला काय म्हणतो आणि गाव काय म्हणतं, हे दोन्ही आलं की जागा खरी होते. त्या जास्तीच्या घराला तुझं गाव काय म्हणतं? तीन प्रकरणांत ते नाव मला सापडलं नाही.

तिसरं पुस्तक, जेफ व्हँडरमीर यांचं 2014 चं 'अनायहिलेशन', मला जड गेलं. एका निषिद्ध प्रदेशात शिरणाऱ्या त्यातल्या चार बायकांना नावं नाहीत, फक्त कामं. एक सर्व्हेअर आहे, म्हणून मी तिच्याकडे जास्त लक्ष ठेवून होतो, आणि तिचा शेवट मला सोसला नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. जमिनीत खाली उतरणाऱ्या बांधकामाला बाकीच्या भुयार म्हणतात, सांगणारी मात्र मनोरा म्हणते. का, ते तिलाही धड सांगता येत नाही. त्या एका शब्दाने ती जागा तिला किती आधीपासून धरून बसलीय हे कळतं. तिन्ही पुस्तकांत हद्द आहे, ती ओलांडणारा आहे, आणि परत येणारं माणूस तेच आहे की नाही ही शंका आहे. तुझ्या म्हातारीचा बुडून गेलेला नवरा तू अजून आणलेला नाहीस. घाई करू नकोस. त्याला यायचं असेल तर त्या घराच्या उंबऱ्यापाशी फक्त त्याच्या वहाणा दिसू देत, कोरड्या.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सांग, पुष्कळ सांग. घर किती खण, दार कोणत्या दिशेला, चुलीत राख ओली की सुकी, आदल्या वर्षीच्या घरापासून किती अंतरावर. माणसाला मोजता येईल ते सगळं मोजून झालं की मगच थांब. प्राध्यापकाला काढू नकोस, त्याला मोजू दे. त्याचे आकडे बरोबर येऊ देत आणि तो गप्प बसू दे.

मी तुझ्या गावाचा एक कच्चा नकाशा काढलाय, तू लिहिलंय त्यावरून. देऊळ, पार, तेवीस घरं. चोविसाव्याची जागा मला ठरवता आली नाही, कारण पहिल्या प्रकरणात ते देवळाच्या मागे आहे आणि दुसऱ्यात ओढ्याकाठी. तू मुद्दाम केलंस की नजरचूक आहे, ते कळव. मुद्दाम असेल तर तसंच ठेव.

जुनी साखळी माळ्यावर आहे. आई म्हणते पुढच्या शनिवारी येतेस. आलीस की काढू, परसात तुझं ते घर दोरी लावून आखून बघू.

तुझे,
बाबा