रंगावरून माशाचा वाण ठरवू नये

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील अमेरिकेतल्या मासेमारीवरच्या लेखात, गडद हिरवा लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा मासा) म्हणजे फ्लोरिडाचा आणि फिकट तो उत्तरेकडचा, असे सरसकट म्हटले आहे. ते बरोबर नाही. हे दोन वाण वेगळे आहेत, यात शंका नाही. १९४९ मध्ये बेली आणि हब्स या मत्स्यशास्त्रज्ञांनी फ्लोरिडाच्या बासची उपजाती म्हणून नोंद केली आणि आता तर तो स्वतंत्र जाती मानला जातो. मात्र त्याची ओळख पटते ती कुशीवरच्या रेषेतील खवले मोजून. आणि टेक्साससारख्या राज्यात, जिथे फ्लोरिडाचे मत्स्यबीज सोडल्यामुळे संकर सर्रास आढळतो, तिथे जनुकीय तपासणीनेच. रंगाचे कारण निराळे आहे. त्वचेतील पेशींमधले काळे रंगकण पसरले की मासा काळवंडतो, मध्याशी गोळा झाले की फिकट होतो. म्हणूनच नितळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या तळ्यातला बास गडद दिसतो, तर गढूळ पाण्यातला फिका. टेक्सासमध्ये राहत असताना मी पकडलेला, ठळक काळ्या पट्ट्याचा एक बास पांढऱ्या बादलीत ठेवला होता. थोड्याच वेळात त्याचा पट्टा पुसट झालेला मी डोळ्यांनी पाहिला. कृपया तशी दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक