कोयते निघायच्या आधी

प्रिय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. "एवढं लिहीत बसण्यापेक्षा फोन करायचा" असं वहिनी म्हणाल्या असतील. त्यांना सांग, फोनवर तू समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागदच बरा.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिली सरळ होती: दिवाळी झाली की ऊस तोडायला येणाऱ्या आई-बापांबरोबर तुमच्या बीडकडची पोरं आमच्या शिवारात उतरतात, शाळेत त्यांचं मी नेमकं काय करू? दुसरी तू जरा तिखट लिहिलीस. सहा महिने लेकरं आई-बापापासून तोडून गावात ठेवायची, हा कसला आधार म्हणतोस. दुसरीचं उत्तर आधी देतो, कारण ते मलाही सोपं जात नाही.

दसरा झालाय. बाजाराच्या दिवशी ताडपत्र्या, पत्र्याच्या पेट्या, नवे कोयते घेऊन माणसं वस्तीवर परततात आणि आमच्या वर्गात गणितापेक्षा कारखान्यांची नावं जास्त ऐकू येतात. मुकादमाकडून, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ पैशाची उचल पावसाळ्यातच घरात आलेली असते आणि बहुतेकांची पोळ्यापर्यंत संपलेलीही असते. कुणाचं लग्नाचं देणं, कुणाचा दवाखाना, कुणाच्या बोअरला पाणीच लागलं नाही. आता ती अंगावर फेडायची. मुकादमाला नवरा-बायकोची जोडी लागते, एकट्या माणसाला कुणी उचल देत नाही. म्हणजे बाप गेला तर आई जाणारच. पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, हे वाक्य मी प्रशिक्षणात इतक्यांदा ऐकलंय की आता ते आलं की मी खिडकीबाहेर बघतो. महत्त्व चांगलं कळतं. लेकरू मागं ठेवायचं तर कुणापाशी, एवढाच त्यांचा सवाल असतो.

दिवसाचं काही अडत नाही रे. दहा ते पाच शाळा आहे, दुपारचा भात आहे. अडतं ते रात्रीचं. संध्याकाळी ताटात कोण वाढणार, ताप आला तर कोण उठणार, पहाटे लघवीला कोण सोबत जाणार. म्हणून ही हंगामी वसतिगृहं. नावावरून इमारत शोधू नकोस, इमारत नाहीच. मूल निजतं आजीकडे किंवा चुलतीकडे, सकाळ-संध्याकाळ जेवतं शाळेत, आणि सगळा कारभार शाळा व्यवस्थापन समिती बघते. आमच्या दोन शिक्षकी शाळेत या वसतिगृहाची खरी घडण याच दिवसांत होते. आम्ही दोघं घरोघर जाऊन यादी करतो: कोण जाणार, कुठल्या कारखान्याला, मागं कोण राहणार. मग आजीशी बोलणं. तिथं आई-बापांपेक्षा आजीचा शब्द चालतो.

एक आजी म्हणाली, "लेकरू ठिवते सर, पण मला रातचं दिसत न्हाई. ह्यो अंधारात बाहीर गेला तर म्या कुठं हुडकू?" याच्यावर कुठल्या परिपत्रकात काय असणार? समितीतल्या बायांनी तिथल्या तिथं उत्तर काढलं. तिच्या आळीतली तीन घरची पोरं एकाच ओसरीवर निजवायची, जिची नजर शाबूत आहे तिच्याकडे. मोतीबिंदूवाल्या आजीनं सकाळी त्यांना उठवून आवरायला लावायचं, कारण तिला पहाटेपासून जागच असते. अशा जोड्या लावण्यात आमचा दसरा ते दिवाळी जातो. तू विद्यार्थी-सहाय्य वगैरे लिहिलंस ना, ते इथं असं दिसतं.

संध्याकाळचं सांगतो. दुपारची खिचडी शिजवणारी मावशीच संध्याकाळच्या भाकरी थापते. पोषण आहाराच्या कामाचं तिला महिन्याला थोडंसं मानधन मिळतं. त्यात स्वयंपाक आणि भांडी येतात. पण रविवारी पाणी तापवून बारक्यांना घासून न्हाऊ घालणं, पोरींच्या डोक्यातल्या उवा काढून तेल लावून वेण्या घालणं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही आणि ती कुणाला विचारतही नाही. एकदा मी म्हटलं, मावशी, हे तुमचं काम नव्हे. तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप हजेरीपट उघडला.

पैसे वेळेवर येतात का, हे तू विचारणारच. नाहीत. किराणा दुकानदाराच्या वहीत शाळेचं स्वतंत्र पान आहे. जे ऊस तोडायला जात नाहीत अशी वस्तीवरची चार बरी घरं ज्वारीची पायली-दोन पायल्या देतात, शेवग्याच्या शेंगा येतात, एका घरून सणावाराला ताक येतं. चैत्रात कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं परत आली की आपलं देणं ज्याच्या त्याच्या घरी नेऊन टाकतात, कुणी मागितलेलं नसताना. आणि सरकारी आधाराच्या गमती तुला ठाऊकच आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती नि भटक्या-विमुक्तांच्या पोरींना हजेरीबद्दल रोज एक रुपया, ही योजना १९९२ ची. तेव्हा रुपयात खडू-पाटीचं काहीतरी यायचं. आज मी त्या रुपयाचा हिशेब लिहितो तेव्हा पेनातली शाई जास्त खर्च होत असेल. तांदळाच्या बाबतीत मात्र फरक पडला हे मान्य करायला हवं. १९९५ ला पोषण आहाराची योजना आली तेव्हा आपण दोघंही, तू पंचगंगेकाठी नि मी इथं डोंगरात, महिन्याच्या तीन किलोसाठी घरून पिशवी घेऊन जायचो, आणि तो तांदूळ घरातल्या सगळ्यांत संपायचा. आता पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ शिजवून ताटात मिळतो. त्याच्या पोटात जातो, एवढं नक्की.

आता तुझा आरोप. तोडता म्हणतोस. पहिले पंधरा दिवस बघवत नाहीत, खरंय. चांगली मोठी पोरं अंथरूण ओलं करतात. एक पहिलीतला पठ्ठ्या रोज पाच वाजता दप्तर घेऊन फाट्यावर जाऊन बसायचा. रात्री आठच्या पुढं माझा फोन पोराच्या हातून पोराच्या हातात फिरतो, कारण त्या आधी तिकडं उसाच्या फडातून कुणी कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, आलेलं नसतं. मला वाटायचं, पोरं रडतील, आया रडतील. तसं फारसं होत नाही. "शेळी व्याली का? काय झालं, पाट का बोकड?" याच्यावरच निम्मा वेळ जातो. मग वही कॅमेऱ्यासमोर धरतात, तीही उलटी. आई अक्षर न वाचताच "लई झ्याक" म्हणते.

आणि गेलेल्या पोराचं काय होतं ते तू तुझ्या डोळ्यांनी बघतोस. पहाटेच्या थंडीत आई-बाप फडात, पोर कोपीत एकटं नाहीतर बांधावर. शाळा दोन-तीन किलोमीटर लांब, नेणारं कुणी नाही. रात्री भरलेल्या ट्रॉलीवर झोपलेलं पोर खाली पडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. मी आमच्या व्यवस्थेला चांगली म्हणत नाही, अण्णा. दोन वाईटांतलं कमी वाईट म्हणतो, आणि तेही निवडतात आजी नि आई. आम्ही फक्त निवडायला काहीतरी समोर ठेवतो.

समितीची गंमत राहिलीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात. फार चांगलं. पण आमची समिती कार्तिकात ट्रॅक्टरमध्ये बसून ऊस तोडायला निघून जाते! अध्यक्षबाई साताऱ्याकडं, उपाध्यक्ष कर्नाटकात. सभा कुणाची घ्यायची? कायद्यात आई-बापांबरोबर सांभाळ करणारेही धरलेत, म्हणून यंदा समिती नव्यानं बसवताना दोन आज्या नि एक आजोबा मुद्दाम सदस्य घेतले. आज्यांची सभा म्हणजे विषयपत्रिका वगैरे काही नाही. एकीनं गेल्या खेपेला सरळ तांदळाच्या पोत्यात हात घालून पाहिलं आणि "ह्यात किडे हाईत, उन्हात घाला" म्हणून ठराव केला. इतकी कडक तपासणी कुठल्या पथकानं केली नसेल.

स्नेहसंमेलनही आम्ही हलवलं. सगळीकडं जानेवारीत होतं, पण जानेवारीत आमच्याकडं टाळ्या वाजवायला म्हातारी माणसं आणि कोंबड्या. आता आम्ही ते एप्रिलअखेर घेतो, १ मेच्या निकालाच्या अलीकडं. उन्हानं जीव जातो, म्हणून रात्री घ्यायचं. आई-बाप सहा महिन्यांनी पोराला नाचताना बघतात. आमच्या साहेबांनी पहिल्या वर्षी विचारलं, संमेलन वेळापत्रकात बसत नाही, कसं करणार? माझ्या सोबतच्या बाई म्हणाल्या, साहेब, तुम्हीच या उद्घाटनाला. आले, आणि जेवून गेले.

आता तुझा पहिला प्रश्न. कितीही जोड्या लावल्या तरी काही पोरं जातातच. तुझ्या भागात पूर्वी कारखान्याच्या आवारात साखरशाळा चालायच्या, तुला आठवत असतील. कायदा आल्यावर प्रत्येक मूल नेहमीच्या शाळेतच बसलं पाहिजे, असं धोरण झालं आणि त्या मागं पडल्या. तत्त्व बरोबर आहे. पण साखरशाळा कोपीच्या दारात होती आणि तुझी शाळा कोपीपासून लांब आहे, हे अंतर कुणी मोजलं नाही. म्हणून एक कर. तुझ्याकडं टोळ्या उतरल्या की पहिल्या आठवड्यातच एकदा संध्याकाळी तळावर जा. मुकादमाला गाठ, बापाला नव्हे. कुठली कोपी किती दिवस कुठल्या फडात, हे त्याच्याच डोक्यात असतं. आमची पोरं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या पोराला त्याच्या शाळेनं दिलेलं ओळखीचं कार्ड, घेऊन येतील. कुणाचं हरवलं असेल तरी दाखल्यावाचून अडवू नकोस. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, हे कायद्यातच आहे, तुझ्या मुख्याध्यापकांना दाखव. पट आमच्याकडंच राहतो, तुमच्या आकड्यांना धक्का लागत नाही, हेही सांग. तेवढ्यानं त्यांचा निम्मा विरोध मावळेल.

पुस्तकं तीच बालभारतीची, हा मोठा आधार. कर्नाटकात जाणाऱ्यांची दैना विचारू नकोस. तिथं जवळची शाळा बहुतेक कानडी, मग पोर शाळेत बसूनही नुसतं भिंतीकडं बघतं.

एक अजून. ही पोरं येतात तेव्हा त्यांना "मागे पडलेली" म्हणून शेवटच्या रांगेत टाकू नकोस. परत आलेला चौथीतला एक पोरगा माझ्याकडं भागाकार मांडायला अडतो. पण एका खेपेला किती टन, तोडणीचे किती झाले, मुकादमाची उचल वजा जाता हातात काय राहिलं, हे तोंडी सांगतो आणि ते चुकत नाही. मी त्याला तोच हिशेब वहीत मांडायला लावला, तर दोन दिवसांत भागाकार आला. तुझ्याकडं तर फडच समोर आहे.

आता मुख्य काम. या पत्राचं खरं कारण हेच समज. आमची तिसरीतली एक पोर यंदा तुझ्याच तालुक्यात येतेय. वाचायला वर्गात पहिली. तिला ठेवायला आजी तयार होती, आम्ही तयार होतो, ती स्वतः तयार होती. पण घरात दीड वर्षाचा भाऊ आहे, अजून अंगावर पितो, त्याला नेल्याशिवाय इलाज नाही. आई फडात वाकली की त्याला सांभाळायला कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे ही. आई म्हणाली, "सर, तान्हं कुणापाशी टाकू, तुमीच सांगा." मी काय सांगणार? इतकं लहान पोर अंगणवाडीतही बसत नाही.

तर तिला भावासकट वर्गात बसू दे. तुझ्या वर्गात किलबिल वाढेल, मध्येच तो रडेल, कुणीतरी तक्रार करेल. त्याला मागं एक सतरंजी टाक, दोन ठोकळे दे. दुपारी तिच्या ताटातलं ती आधी त्याला भरवेल आणि मग आपलं पोट भरलं म्हणेल, तेवढं लक्ष ठेव, वाढताना डाव मोठा घाल. स्वतःहून ती काही मागणार नाही. तिच्या कार्डामागं मी पेन्सिलीनं लिहून दिलंय: कुठल्या धड्यापर्यंत आलीय, हातच्याची वजाबाकी कच्ची आहे, गोष्टीची पुस्तकं दिली तर परत करते. मुकादमाचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर जोडलाय. त्यांची गाडी भाऊबीज करून निघेल.

मुख्याध्यापक ऐकले नाहीत तर मला त्याच दिवशी फोन कर. त्या वेळी मात्र मला बोलू दे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
गुरुजी (तुझ्यासाठी अजून खोली नंबर सातवालाच)

ता. क. मागच्या उन्हाळ्यात नेलेली माझी पेटी, म्हणजे हार्मोनियम, संमेलनाच्या आधी पाठव. दोन सूर बसलेत असं तू म्हणाला होतास. बसले असले तरी पाठव, आमच्या पोरांचेही कुठे लागतात.